तेरवीसाठी राखलेली रजा

ऑगस्टमधल्या एका रविवारी, आसेगावच्या घरी, आईनं माझ्याकडे आठ दिवस मागितले. तिला माहेरी जाऊन राहायचं होतं. तिचं माहेर शिरपूर जैनच्या अलीकडचं एक खेडं. पाच भावंडांपैकी आता दोघंच उरली होती, आई आणि तिचा थोरला भाऊ. मामाला डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे तो येऊ शकत नव्हता. आईचं हृदय थकलं होतं. अकोल्याच्या डॉक्टरांनी उन्हाळ्यात कागदावर आकृती काढून ते किती कमी काम करतं हे दाखवलं होतं आणि तिला एकटं ठेवू नका असं सांगितलं होतं.

"आठ दिस मले तिकडे घेऊन चाल," ती म्हणाली. "पन तू संग राह्य."

"मी कायले? दादा सोडून देईन ना तुले."

"सोडून देईन, अन् मंग? पाह्यटी दम लागला त मी कोनाले उठवू? भावाच्या सुनेले? ते बिचारी दिवसभर वावरात राह्यते. पावन्याच्या घरी खोकत बसनं बरं दिसते का?"

"शनिवार-रविवार जाऊन येऊ."

"दोन दिसांसाठी?" तिनं हात झटकला. "उंबरठ्याले हात लावून वापस? त्याच्यापरीस फोनच बरा."

तिचं म्हणणं रास्त होतं. दादा, माझा मोठा भाऊ, शेती करतो. त्याला सोयाबीन सोडून आठ दिवस निघता येत नव्हतं. वहिनीवर घर होतं. औषधं कोणत्या वेळी कोणती, पाय सुजले तर कोणती गोळी वाढवायची, हे मला पाठ होतं, कारण अकोल्याला तिला मीच नेत असे. आठ दिवस देऊ शकेल असा माणूस घरात एकच होता. मी म्हटलं, पाहतो.

मी सतरा वर्षं वाशीममध्ये एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात काम केलं. ते कार्यालय बंद झाल्यावर दोन वर्षं हाती येईल ते केलं आणि मग एका परदेशी कंपनीत लागलो. ही कंपनी इतर कंपन्यांना सल्ला देते. एखाद्या मालकाला आपल्या देशात बसून दुसऱ्या देशातला माणूस कामावर ठेवायचा असेल, तर त्या माणसाला तिथल्या कायद्यानं वर्षाला किती रजा द्यावी लागते, सण कोणते, आजारपणाचे दिवस किती, न वापरलेल्या रजेचं काय होतं, हे ती सांगते. प्रत्येक देशाचं एक पान असतं. पानं दुसरे लोक लिहितात. मी ती मूळ कायद्याशी ताडून पाहतो. बातमी छापण्यापूर्वी नाव, वय, गाव तपासण्याची सवय होती, तीच इथं कामाला आली. एखाद्या देशात रजा कामाच्या दिवसांत मोजतात आणि दुसऱ्यात रविवार धरून, एवढ्या फरकानं पान चुकतं. असे फरक मी पकडत असे. दीड वर्षात माझ्या पानांवर मोठी चूक निघाली नव्हती.

काम मंगरूळपीरला चालायचं, दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, घड्याळं आणि मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका चाचांच्या दुकानावरच्या खोलीत. इंटरनेटची चांगली तार तिथपर्यंत आली होती आणि चाचांकडे इन्व्हर्टर होता. कंपनीच्या करारात त्या खोलीचा पत्ता कामाची जागा म्हणून नोंदवलेला होता. दुसऱ्या जागेवरून काम करायचं तर आधी परवानगी लागे. राहायला मी तिथून दहा मिनिटांवर होतो.

आईनं मागितलेले आठ दिवस मी सोमवारी हिशेबाला घेतले.

महाराष्ट्राचं पान मीच तपासलं होतं, त्यामुळे काही शोधावं लागलं नाही. वर्षात दोनशे चाळीस दिवस काम केलेल्या माणसाला, त्यानं मागच्या वर्षी केलेल्या दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा. न वापरलेली रजा पंचेचाळीस दिवसांपर्यंत साठवता येते. याशिवाय आठ किरकोळ रजा, त्या वर्षासोबत संपतात. मी आदल्या वर्षी जानेवारीत लागलो होतो, म्हणून यंदा माझ्या नावावर बारा दिवस जमा होते. किरकोळ रजा तीन-तीन महिन्यांनी दोन-दोन मिळायच्या आणि त्या अकोल्याच्या फेऱ्यांतच जात होत्या.

आठ दिवसांत एक शनिवार-रविवार येतो. म्हणजे कामाचे दिवस सहा. बारातून सहा गेले तर सहा उरतात.

आणि सहा पुरणार नव्हते. आमच्यात माती झाल्यापासून तेरवीपर्यंत मुलगा घराबाहेर कामाला जात नाही. तेरा दिवसांत सुट्टीचे वार वजा केले तर कामाचे नऊ, फार तर दहा दिवस भरतात. ते दहा दिवस मी बाजूला काढून ठेवले होते. कधी ठेवले ते नेमकं सांगता येत नाही. बहुधा अकोल्याहून परतताना बसमध्ये, ती आकृती खिशात असताना. बारातून दहा गेले, दोन उरले. आईला देण्यासाठी माझ्याकडे दोन दिवस होते, आणि दोन दिवसांना ती नाही म्हणाली होती.

हा हिशेब मी कोणाला दाखवला नाही. दाखवता येण्यासारखा नव्हताच. जिवंत आईच्या तेरवीचे दिवस राखून ठेवलेत असं बायकोसमोरही बोलता येत नाही. आणि बोलता येत नाही म्हणूनच परदेशातल्या आमच्या प्रमुख बाईंना विचारताही आलं नाही, की माझी आई गेली तर मला किती दिवस मिळतील. तसा प्रश्न लिहून पाठवणं म्हणजे आपल्या हातानं तारीख टाकल्यासारखं वाटत होतं. दुसऱ्या बावीस देशांच्या पानांवर 'जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू' असा रकाना होता. तो मी तपासत असे. कुठं तीन दिवस, कुठं पाच, कुठं कायद्यात काहीच नाही पण मालक देतो.

वर्तमानपत्रातली सतरा वर्षंही त्यामागे असावीत. तिथं रजा फक्त मरणासाठी मिळायची. फोन करून उद्या येत नाही म्हटलं की कार्यालयप्रमुख पहिला प्रश्न विचारत, "कोन गेलं?" कोणी गेलेलं नसेल तर बोलणं तिथंच संपायचं. मालेगाव तालुका पाहणाऱ्या एका वार्ताहराची आजी तीनदा वारली. तिसऱ्या वेळी प्रमुख त्याला सगळ्यांसमोर म्हणाले, "अरे, आता तरी तिले जाऊ दे शांततेनं. तिची बातमी लावतो मी, म्हंजे पुन्हा उठनार नाई." सगळे हसले. तो वार्ताहर त्या दिवशी प्रेस नोट घेऊन बसला. आजी खरोखरच गेली होती, हे नंतर समजलं.

अशा ठिकाणी माणूस रजा मागत नाही. ती शिल्लक ठेवतो.

सप्टेंबरात मी एक दुसरा मार्ग करून पाहिला. मामाच्या गावातून काम करता येईल का, हे पाहण्याआधी आसेगावातून करून पाहावं, असं ठरवलं. एका दिवसाची परवानगी काढली. दादाच्या घरात खिडकीपाशी टेबल लावलं. आईला खुर्चीवर बसवलं. दुपारी काम सुरू झालं आणि चाळीस मिनिटांत वीज गेली. मोबाइलवरून इंटरनेट जोडलं, ते दर थोड्या वेळानं तुटत होतं. पडद्यावरच्या एका बैठकीत माझा चेहरा अर्धवट थांबून राहिला, असं पलीकडच्या एकानं हसत सांगितलं. वीज साडेसहाला आली. आई दिवसभर तिथंच बसून होती. तिनं एकदाच विचारलं, "ते लोकं तुले पाहून राह्यले का?"

"पाहून राह्यले."

"मंग मी बी दिसते काय?"

"नाई. तू बाजूले हायेस."

तिनं डोक्यावरचा पदर तरी नीट केला.

शिरपूरकडच्या त्या खेड्यात यापेक्षा बरी स्थिती नव्हती. मामाच्या मुलाला फोनवर बोलायलाही गच्चीवर जावं लागत असे. तो मार्ग मिटला.

चाचांना यातलं अर्धंच माहीत होतं. ते साठीच्या पुढचे, डोळ्याला भिंग लावून दिवसभर मान खाली. मी जिना चढताना ते न पाहता बोलत. "क्या मियाँ, आज कोनत्या मुलकाले सुट्ट्या वाटनार?" हा त्यांचा रोजचा विनोद होता. ऑक्टोबरच्या सुरुवातीला एकदा चहा घेताना मी आईची मागणी सांगितली. तेरवीचा हिशेब सांगितला नाही.

"अन् गेले नाई तुमी?" त्यांनी भिंग काढलं.

"रजा कमी आहे."

"सारी दुनियाच्या रजा तुमच्या कंप्यूटरमंदी, अन् तुमाले नाई?" ते हसले, मग हसायचे थांबले. "माझी अम्मी गेली ना, त्याच्या आंधी तिले अजमेरले जायचं होतं. पंधरा दिवस शटर पाडलं मी. गिऱ्हाइकं शिव्या देऊन गेले, घड्याळं दुसरीकडे नेले. जाने दो. वापस आलो अन् चार महिन्यानं ती गेली. आमच्यात तीन दिवस सोग. चौथ्या दिवशी मी इथं बसलो होतो, याच स्टुलावर. लोकं म्हने, काय मानूस हाये. मी म्हनलं, माझे दिवस मी पहलेच देऊन टाकले."

मी म्हटलं, आमच्यात तेरा असतात. ते म्हणाले, "असतीन ना. पन ते कोनासाठी?" आणि त्यांनी भिंग परत डोळ्याला लावलं. एक गिऱ्हाईक उभं होतं.

दिवाळीत मी आसेगावला चार दिवस होतो. सण आणि शनिवार-रविवार धरून ते जमलं. रजा खर्ची पडली नाही. आईचे पाय घोट्यापासून वर सुजले होते. भाऊबीजेच्या दिवशी तिनं मामाला फोन लावायला सांगितला. ती दर सोमवारी त्याच्याशी बोलत असे, पण भाऊबीजेला वेगळा फोन व्हायचा.

"येतो रे," ती त्याला सांगत होती. "पोरगा रजा काढून राह्यला. त्याच्या कंपनीत लय कडक हाये. जानेवारीत येतो म्हनते."

जानेवारी मीच सांगितला होता. जानेवारीत नव्या वर्षाची रजा जमा झाली असती, आणखी बारा दिवस. मग दहा राखूनही आठ देता आले असते. हे गणित बिनचूक होतं. फोन ठेवल्यावर तिनं विचारलं, "जानेवारीतच काहून? आता काहून नाई? आता काय संपल्या तुह्या सुट्ट्या?"

"संपल्या नाईत."

"मंग?"

वहिनी अंगणात भांडी घासत होती, तिचा हात थांबला. आईनं माझ्याकडे पाहिलं. तिचं शिक्षण चौथीपर्यंतचं. पण मजुरांच्या दिवसांचा हिशेब ती तोंडी करायची आणि तो चुकत नसे.

"माह्या तेरवीसाठी ठेवल्या काय रे?" ती म्हणाली.

ती हसत होती. मी नाही म्हणालो नाही. वहिनी म्हणाली, "मायबाई, सनावाराचं काय बोलता वो असं!"

"खोटं बोलली काय मी? त्याचं तोंड पाह्य." मग माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात, "अरे, तेरवीले मी थोडीच राहीन पाहाले, तू हायेस का नाई ते. आता हाओ मी. आता पाहीन."

थोड्या वेळानं तिनं स्वतःच विषय सोडला. माझ्या ताटात तिनं दोन करंज्या वाढल्या, एक माझी आणि एक दादाची, कारण दादा वावरात होता. मी परतताना ती दारापर्यंत आली. "जानेवारी त जानेवारी," ती म्हणाली. "थंडी राहीन, सेटर घेजो."

त्या आठवड्यात मी कंपनीच्या रजा नोंदवायच्या संगणकयंत्रात अर्ज उघडला होता. सहा दिवस, सोमवार ते सोमवार. कारणाच्या रकान्यात काही लिहिलं नाही, ते सक्तीचंही नव्हतं. खाली शिल्लक दिसत होती, बारा. अर्ज पाठवला तर सहा दिसेल, असं यंत्र आधीच दाखवत होतं. मी तो अर्धा ठेवला. यंत्रात अर्धे अर्ज तीस दिवस राहतात, मग पुसले जातात.

आई नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गेली. मंगळवार होता, सकाळचे साडेनऊ. ती ओसरीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. वहिनी चहा घेऊन आली तेव्हा शेंग हातात होती आणि मान भिंतीला टेकलेली. दादाचा फोन आला तेव्हा मी मंगरूळपीरला दाढी करत होतो. त्यानं एवढंच म्हटलं, "ये." कोण गेलं, हे विचारावं लागलं नाही.

बस स्टँडवरून, आसेगावची गाडी लागायची वाट पाहत असताना, मी प्रमुख बाईंना संदेश लिहिला. आई वारली, आमच्या रिवाजाप्रमाणे तेरा दिवस मी उपलब्ध नसेन, कामाचे नऊ दिवस होतात, माझ्या नावावर बारा जमा आहेत, त्यातून वळते करावेत. चार वाक्यं होती. मी ती पाठवण्याआधी दोनदा तपासली.

उत्तर संध्याकाळी आलं. ते मी तिसऱ्या दिवशी, रक्षा सावडून आल्यावर वाचलं. डोकं भादरलेलं होतं आणि टोपी सवयीची नसल्यानं सारखी सरकत होती. बाईंनी सांत्वन केलं होतं. मग लिहिलं होतं, की पालकांच्या मृत्यूसाठी कंपनी पाच दिवस वेगळे देते, ते वार्षिक रजेतून कापले जात नाहीत, कर्मचाऱ्यांच्या नियमांच्या पुस्तिकेत आहे. ते पुरे पडत नसतील तर पुढच्या वर्षाच्या रजेतून आगाऊ दिवसही घेता येतात. तेही पुस्तिकेत आहे. शेवटी एक ओळ होती. यंत्रात तुमची या वर्षाची एकही वार्षिक रजा वापरलेली दिसत नाही, मार्चपासून आम्ही तीन वेळा आठवण पाठवली होती, सर्व ठीक आहे ना?

त्या तीन आठवणी मला आल्या होत्या. माणसानं विश्रांती घ्यावी, रजा साठवत बसू नये, अशा मजकुराच्या. त्या सगळ्यांना जातात म्हणून मी त्या माझ्यासाठी धरल्या नव्हत्या.

पुस्तिका फोनवर होती. कामावर लागलो त्या दिवशी 'वाचली, मान्य आहे' या चौकोनात मी खूण केली होती. न वाचता सही करणाऱ्या ग्रामसेवकांवर, सरपंचांवर मी सतरा वर्षांत बऱ्याच बातम्या केल्या. आता ओसरीच्या कडेला बसून पुस्तिका उघडली. मृत्यूचं कलम बाविसाव्या पानावर होतं, पाच ओळींचं. आगाऊ रजेचं कलम एकोणिसाव्या पानावर. कायदा सांगतो तो कमीत कमी आकडा असतो आणि मालक त्यावर देऊ शकतो, हे वाक्य मी कितीतरी देशांच्या पानांवर तपासलं होतं. माझं पान मी कायद्यापर्यंतच तपासलं होतं.

म्हणजे ऑगस्टमध्येही ते आठ दिवस होते. सप्टेंबरात आणि भाऊबीजेलाही होते. काहीही राखायची गरज नव्हती.

दादा समोर येऊन बसला. "कंपनीचा काय फोन आला काय? बलावून राह्यले?"

"नाई. पाच दिवस वेगळे देतात म्हने. आईसाठी."

"बरं हाये," दादा म्हणाला. "चांगले लोकं हायेत." त्याला पुढचं काही सांगितलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. वहिनीला बहुधा कळलं.

मामा तेरवीला आला. त्याचा मुलगा त्याला जीपमधून घेऊन आला. आमच्याकडे तेरवीला आईचं माहेर मुलांना दुपट्टा आणि टोपी देतं. मामानं हातानं चाचपत दादाच्या डोक्यावर टोपी ठेवली, मग माझ्या. माझ्या डोक्यावर त्याचा हात जरा जास्त वेळ राहिला. टोपीच्या कडेखाली उगवलेले बारीक केस तो बोटांनी पाहत होता.

"तू धाकटा नं?" तो म्हणाला. "रजेवाला?"

"हो मामा."

"भेटली काय मंग रजा?"

आजूबाजूच्या कोणी ते टोमणा म्हणून घेतलं असेल. ते तसं नव्हतं. त्याला खरंच माहीत नव्हतं. तिनं त्याला तीन महिने सांगितलं होतं की रजा मिळत नाही, आणि मी तिथं बसलो होतो, म्हणजे मिळाली असणार. मी हो म्हणालो. तो म्हणाला, "चांगलं झालं."

मंगळवारी सुरू झालेले तेरा दिवस रविवारी संपले. कामाचे नऊ. त्यातले पाच कंपनीनं वेगळे दिले, चार माझ्या रजेतून गेले. सोमवारी यंत्रात शिल्लक आठ दिसली. तो आकडा कामाच्या दिवसांचा होता, आईचे आठ दिवस रविवार धरून होते. दोन्ही एकच नव्हेत. तरी मी तो पडदा बराच वेळ बंद केला नाही. भाऊबीजेच्या आठवड्यातला तो अर्धा अर्जही तिथंच होता. त्याचे तीस दिवस व्हायला अजून काही दिवस होते.

मी तारखा बदलून तो पाठवून दिला. डिसेंबर, सोमवार ते सोमवार. बाईंनी पाच मिनिटांत मंजूर केला. बायकोनं विचारलं, "आता कुठं?" मी सांगितलं, मामाकडे. तिनं बॅगेत स्वेटर ठेवला.

शनिवारी पोचलो. मामाच्या घरी पुढच्या खोलीत, भिंतीला लागून एक बाज होती. त्या घरात बाकी पलंग आणि लोखंडी खाटा होत्या, ही एकच बाज. मामेभावाच्या बायकोनं तीवर गादी टाकली. मामा म्हणाला, "गादी काढ. तिले गादी चालत नव्हती, पाठ दुखे तिची. यालेही तसंच टाक."

मग सूनबाईनं सांगितलं. ऑगस्टमध्ये आत्या येणार असा फोन आला, तेव्हा मामांनी माळ्यावरची जुनी बाज काढायला लावली. गावात आता बाज विणणारा एकच म्हातारा आहे. त्याला बोलावून, अंबाडीची नवी सुतळी आणून, दोन दिवस समोर बसून विणून घेतली. दिसत नाही, तरी प्रत्येक पट्टी हातानं दाबून पाहत होते. तेव्हापासून ती तिथंच होती. पोरांना तीवर बसू देत नसत. "आत्याबाई आल्यावर बसजा म्हनत," ती म्हणाली.

मी तीन दिवस तिथं राहिलो. करण्यासारखं काही नव्हतं. कोणाच्या गोळ्या द्यायच्या नव्हत्या. सकाळी मामा अंगणात उन्हाला बसे, मी त्याच्याजवळ बसे. तो आईच्या लहानपणाचं काही सांगेल असं वाटलं होतं. त्यानं सांगितलं नाही. तो तुरीचा भाव विचारत असे, आणि मधूनच, मी अजून आहे का हे पाहायला, "हायेस काय?" असं म्हणे. मी "हाओ" म्हणे.

त्या बाजेवर मला झोप लागली नाही. वापरातली बाज मधे झोळ घेते, अंग त्यात बसतं. ही कुठंच झुकलेली नव्हती. सुतळी कोरी होती आणि टोचत होती.

मंगळवारी सकाळी मी निघालो. मामा म्हणाला, "आठ दिस म्हनला होता ना तू?" मी म्हटलं, काम आहे. वाशीमला गाडी बदलताना फोनवरून यंत्र उघडलं आणि उरलेली रजा रद्द केली. सोमवार आणि मंगळवार, दोन दिवस वापरले गेले. शिल्लक आठांतले बाकीचे सहा पुढच्या वर्षात जमा झाले. कायद्यात तशी तरतूद आहे.